विचारपूस

रविवारी सकाळी गाडी पुसायला घेतली. धुवायला नाही, पुसायला. टँकरवर चालणाऱ्या सोसायटीत पाइप लावून गाडी धुणाऱ्याला वरच्या चार मजल्यांवरून काय काय ऐकावं लागतं, ते नालासोपाऱ्यात कुणाला सांगायला नको. ओलं फडकं घेऊन डॅशबोर्डचा खण उघडला, तर जुन्या पीयूसीखाली आणि पेट्रोलच्या पावत्यांखाली चार घड्यांचं एक माहितीपत्रक निघालं. रस्ता सुरक्षेचं. त्याच्या कोपऱ्यात माझ्याच अक्षरात एक भागाकार होता: ५२० भागिले ४.

२०२३ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झालेला समृद्धी महामार्ग तेव्हा नागपूर ते शिर्डी एवढाच खुला होता, ५२० किलोमीटर. पुढचे तुकडे जोडत जोडत तो पुरता ७०१ किलोमीटरचा व्हायला जून २०२५ उजाडला. नागपुरात सासुरवाडीचं लग्न होतं. ते आटोपून दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मी, ही आणि मुलगा निघालो. मुक्काम खरं तर रविवारपर्यंतचा ठरला होता, पण निघालो. सकाळी आठला शिवमडक्याला महामार्गावर चढलो आणि बारा वाजून दोन मिनिटांनी शिर्डीच्या नाक्यावर उतरलो. मुलगा मागे झोपलेला. ही खिडकीबाहेर बघत बसलेली. चार तास गाडीत फारसं कुणी बोललं नव्हतं. रस्ता इतका सरळ की बोलायचंही सुचत नाही, असं मी मनाशी म्हणत होतो.

फाटक उघडायच्या आधी परिवहन विभागाच्या गणवेशातला एक तरुण पुढे आला. "काका, गाडी जरा बाजूला घ्या." मला वाटलं, कुठल्या तरी कॅमेऱ्यात सापडलो. पण कॅमेऱ्याचा काही संबंधच नव्हता. साक्षीला नुसतं घड्याळ होतं. आत शिरल्याची वेळ आठ, बाहेर पडल्याची बारा-दोन. मोटारीला वेगाची मर्यादा ताशी १२०. त्या हिशेबानं शिर्डी गाठायला चार तास वीस मिनिटं लागायलाच हवीत. त्याहून कमी लागली, म्हणजे वाटेत कुठं ना कुठं मर्यादा मोडली. कुठं, हे विचारायचीही गरज नाही. चौथीच्या पुस्तकातलं काळ-काम-वेगाचं गणित, आणि त्यात एक मुरलेला बँकवाला नापास. वर मी वाटेत दहा मिनिटं चहाला थांबलो होतो हे सांगून बसलो. त्यामुळे माझ्या बाजूनं काही सिद्ध होत नव्हतं, उलट गाडी चालती असतानाचा वेग आणखी वर जात होता. तो तरुण हसला नाही, त्याचे मी आजही आभार मानतो.

दंडाची पावती फाडतील म्हणून पाकीट काढलं. तर म्हणाला, "आत बसा. तासभर समुपदेशन आहे."

त्या वर्षी समृद्धीवर परिवहन विभागानं हे सुरू केलं होतं. वेळेआधी बाहेर पडणाऱ्या चालकाला बसवायचं, अपघातांच्या चित्रफिती दाखवायच्या, प्रश्नपत्रिका सोडवून घ्यायची, पुन्हा असं करणार नाही असं वदवून घ्यायचं आणि मग सोडायचं. ही आणि मुलगा रसवंतीच्या सावलीला गेले. मी आत गेलो. पंखा होता, प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या आणि आठ-दहा पुरुष होते. सगळे पुरुषच. शाळेत उशिरा आल्याबद्दल वर्गाबाहेर उभं केलं की जसे चेहरे होतात, तसे सगळ्यांचे झालेले. पांढऱ्या मोठ्या गाडीवाला एक गृहस्थ पुन्हा पुन्हा विचारत होता, "साहेब, किती ते सांगा ना, देऊन टाकतो." त्याची तक्रार मला पटत होती. पैसे खिशातून जातात आणि विषय मिटतो. तास मात्र स्वतः बसून काढावा लागतो, तो ड्रायव्हरच्या किंवा भाच्याच्या नावावर घालता येत नाही.

माझ्या शेजारी टॅक्सीचा एक चालक होता. मूळचा जौनपूरचा. मी नालासोपाऱ्याचा म्हटल्यावर त्याचा चेहरा उजळला. त्याचा सख्खा भाऊ संतोष भुवनला राहतो. (जौनपूरच्या माणसाचं नालासोपाऱ्यात कुणीच नाही, असं मी अजून तरी ऐकलेलं नाही.) तेवढ्यात त्याला घरून फोन आला. तो शांतपणे म्हणाला, "शिक्षा ले रहे हैं। एक घंटा लगेगा।"

मी चमकलो. त्याच खोलीत, त्याच पंख्याखाली, मी शिक्षा भोगत होतो आणि तो शिक्षा घेत होता. शब्द एकच. संस्कृतात 'शिक्ष्' हा 'शक्' धातूचा इच्छा दाखवणारा अवतार आहे. एखादी गोष्ट आपल्याला जमावी अशी इच्छा धरणं, ती शिक्षा. पुढे हिंदीनं त्यातली शाळा ठेवून घेतली आणि मराठीनं छडी. आमच्याकडे मुलगा शिकतो ते शिक्षण, आणि मार खातो ती शिक्षा. आता त्या खोलीतली गोष्ट नेमकी कुठली होती, हे ज्याच्या त्याच्या मातृभाषेवर अवलंबून होतं.

चित्रफिती जशा असतात तशा होत्या. मला जास्त लागलं ते त्या तरुणानं फळ्यावर लिहिलेलं एक साधं गणित. ताशी १२० म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. आमच्या लोकलचा डबा साधारण वीस मीटरचा, म्हणजे डोळ्याचं पातं लवेपर्यंत दीड डबा मागे पडला. मोबाइलकडे तीन सेकंद बघितलं तर पाच डबे आंधळेपणानं ओलांडले. आणि १२० चे १४० केले तर वेग सहाव्या हिश्शानं वाढतो, पण धडकेचा जोर एक तृतीयांशाहून जास्त वाढतो, कारण तो वेगाच्या वर्गाच्या हिशेबात चालतो. पुढे काही महिन्यांनी २०२२ चा देशाचा आकडा वाचनात आला: रस्त्यांवर १,६८,४९१ मृत्यू, त्यांतले सत्तर टक्क्यांहून जास्त अतिवेगाच्या अपघातांतले. मी सवयीनं भागाकार केला. दिवसाला साधारण ४६०. सकाळच्या विरार लोकलचा एक डबा गच्च भरला की तेवढे होतात. रोज एक डबा.

प्रश्नपत्रिकेत माझा एक प्रश्न चुकला. पुढच्या गाडीपासून किती अंतर ठेवावं? मी पन्नास मीटर लिहिलं. उत्तर मीटरमध्ये नव्हतंच, सेकंदांत होतं: तीन सेकंद. १२० च्या वेगाला ते शंभर मीटर होतं. मला जरा अन्यायच वाटला. ज्यानं सव्वीस वर्षं दोन माणसांच्या मधल्या, नसलेल्या जागेत उभं राहून चर्चगेट गाठलं, त्याला अंतराबद्दल विचारू नये. 'अंतर' हा शब्द नालासोपारा स्थानकात सकाळी सातला कुणी उच्चारून बघावा.

एक तरणाताठा मुलगा माझ्या कानाशी लागला. "काका, पुढच्या वेळी नाक्याच्या अलीकडं वीस मिनिटं झाडाखाली थांबायचं. सरासरी खाली येते." तिथं मैलोन्‌मैल झाड नव्हतं, पण मुद्दा बिनतोड होता. मी मनात म्हटलं, हा सरासरीचा कायदाच खुळा आहे. नीलगाय आडवी येते ती काही आपली सरासरी बघून येत नाही. पुढे कधी तरी वाचताना कळलं की खुळा मीच होतो. स्वीडनच्या गोरान निल्सन यांनी मांडलेलं गणित सरासरीचंच आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनाही तेच सांगते: रस्त्यावरचा सरासरी वेग एक टक्क्यानं वाढला तर जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो.

तास संपत आला तसा त्या तरुणानं हातातले कागद बाजूला ठेवले आणि प्रश्नपत्रिकेत नसलेला एक प्रश्न विचारला. "घाई कशाची होती?"

एकेकानं उत्तर दिलं. पांढऱ्या गाडीवाला म्हणाला, रस्ता मोकळा होता. झाडाखालचा मुलगा म्हणाला, गाडी नवीन आहे. जौनपूरवाला म्हणाला, दिवसात दोन भाडी होतात. त्या खोलीतलं ते एकमेव खरं कारण. मी म्हटलं, सोमवारी कामावर हजर व्हायचंय. त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. शनिवार होता. "बरं," म्हणाला. बाकीच्यांना सोडलं आणि मला म्हणाला, "काका, तुम्ही जरा थांबा." एक चित्रफीत मला पुन्हा दाखवली. वयामुळे असेल, असं मला वाटलं.

त्या प्रश्नाचं उत्तर मी पुढे पुष्कळ दिवस शोधत राहिलो आणि एक बऱ्यापैकी उत्तर तयारही केलं. ते असं. नालासोपाऱ्याच्या माणसाच्या अंगात घाई असते, पण वेग त्याच्या हातात नसतो. सकाळी मुंबईला जायचं तर आम्ही आधी उलट्या दिशेला विरारला जातो, तिथं जागा धरतो आणि तीच गाडी पुन्हा आमच्याच स्थानकावरून मुंबईकडे जाते तेव्हा खिडकीतून फलाटावरच्या गर्दीकडे बघतो. पुढे जाण्यासाठी मागे जाणारी माणसं आम्ही. गाडी घेतली तर वसई फाट्यावर अडकतो, घोडबंदरला गायमुखच्या चढावर अडकतो. त्या दिवशीही तसंच झालं. नागपूर-शिर्डी ५२० किलोमीटर चार तासांत, आणि तिथून सिन्नर, घोटी, कसारा, भिवंडी करत घरी यायला, साधारण निम्म्या अंतराला, सात तास. त्यातला अंजूरफाटा ते चिंचोटी हा कामणचा रस्ता तर असा की खड्ड्यांतून गाडी काढताना मागून सायकलवाला पुढे गेला. तर वर्षानुवर्षं असा तुंबलेला वेळ माणूस कुठं तरी वसूल करणारच. एका रस्त्याची उधारी दुसऱ्या रस्त्यावर. मोकळा रस्ता दिसला की पाय आपोआप खाली जातो.

हे उत्तर मी ऑफिसात सांगितलं, गाडीतल्या मंडळींना सांगितलं, माझ्या भाच्याला सांगितलं. भाचा इंग्लंडात स्लाव गावी असतो. तो म्हणाला, मामा, मीही बसलोय अशा वर्गात. तिकडे थोडक्यात मर्यादा ओलांडली तर शंभर पौंड दंड आणि परवान्यावर तीन गुण घ्यायचे, किंवा स्वतःच्या पैशानं काही तासांच्या वर्गाला बसायचं, असं बहुधा पुढ्यात ठेवतात. तीन वर्षांत एकदाच. आपल्याकडेही मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं अशी तरतूद आली आहे: निलंबित झालेला परवाना चालकाला परत मिळतो तो उजळणी प्रशिक्षण पुरं केल्यावरच.

पण वर्गानं काय होतं? भीती आठ दिवस टिकते. आमच्याच जिल्ह्यात, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर, ४ सप्टेंबर २०२२ ला सायरस मिस्त्री गेले. तीन पदरी रस्ता तिथं पुलाशी दोन पदरी होत होता, आणि मागच्या सीटवरच्या दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता. त्या आठवड्यात लोकलच्या डब्यात दुसरा विषय नव्हता. त्याच सुमाराला हेही कळलं की पट्टा न लावता त्याची टूंटूं बंद करणारी खोटी क्लिप बाजारात राजरोस मिळते. सरकारला ती विकू नका म्हणून सांगावं लागलं. म्हणजे माणसाला पट्ट्यापेक्षा आठवण करून देणारा आवाज जास्त काचतो.

फडकं पिळून मी पायीच बाहेर पडलो. रविवारी चक्रेश्वर तळ्याला एक फेरी असते. पाववाल्याची सायकल भोंपू वाजवत गल्लीतून गेली. सोपारा गावातल्या स्तूपापाशी, ज्याला जुनी माणसं बुरूड राजाचा कोट म्हणतात, दोन मुलं क्रिकेट खेळत होती. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी हा स्तूप उकरला. त्याच वर्षी इथल्या भातेला तळ्याजवळ अशोकाच्या शिलालेखाचा एक तुकडा सापडला. पुढे १९५६ मध्ये शेजारच्या भुईगावला आणखी एक तुकडा मिळाला, तो नवव्या लेखाचा. भातेल्याचा तुकडा आठव्या लेखाचा. इथं आयुष्य गेलं, पण या आठव्या लेखात आहे काय, हे मी बघितलं ते समृद्धीवरून आल्यानंतर.

तो प्रवासाबद्दल आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात, शिकार करत, मौज करत. हा राजा राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर संबोधीला गेला आणि तेव्हापासून त्याच्या यात्रेची रीत बदलली. आता यात्रा म्हणजे श्रमण-ब्राह्मणांना भेटणं, वृद्धांना भेटून दान देणं, खेड्यापाड्यांतल्या माणसांना भेटणं, त्यांना धर्माचा उपदेश करणं आणि त्याविषयी विचारपूस करणं. आज्ञालेख म्हणायचा, पण त्यात दुसऱ्या कुणाला आज्ञा नाही. राजा आपल्याच जाण्यायेण्याबद्दल सांगतो आहे. उपदेशाच्या जोडीला लेखात जो शब्द आहे, तो 'परिपुच्छा'. आपलं 'पुसणं' याच घरातलं. मागे एकदा मी कौतुकानं हे हिला सांगितलं होतं, की बघ, दोन हजार वर्षांपूर्वी प्रवास कसा करावा याचा दगडी फलक आपल्या गावात लावलेला होता, आणि शिर्डीच्या नाक्यावरचा तो मुलगाही आधी उपदेश आणि मग विचारपूस याच क्रमानं गेला. ही म्हणाली, "दगडी फलक वाचून कोण थांबलंय?"

आज घरी आलो तेव्हा ती मटार सोलत बसली होती. मी ते माहितीपत्रक तिच्यापुढं ठेवलं आणि माझं नेहमीचं उत्तर सुरू केलं, उधारीचं, विरारच्या उलट्या फेरीचं, तुंबलेल्या वेळाचं. तिनं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मलापण विचारलं होतं त्यानं."

"कुणी?"

"त्या पोरानं. तुम्ही आत पेपर लिहीत होतात तेव्हा बाहेर पाणी प्यायला आला होता. म्हणाला, काकू, काकांना एवढी कसली घाई होती?"

"मग?"

"मग काय. सांगितलं खरं ते. म्हटलं, घाईबिई काही नाही, लग्नात जावयाला टोपी-उपरणं द्यायचं राहून गेलं. तेव्हापासून असेच चाललेत."

मी काही बोललो नाही. तिनं आणखी दोन शेंगा सोलल्या.

"हसला तो," ती म्हणाली. "म्हणाला, असं आहे होय, मग त्यांना अजून पंधरा मिनिटं बसवतो."